रंगूभाऊची तीन मिनिटांची रेकॉर्ड

चार गाणारे एका ओट्यावर बसले की गाणी कमी आणि किस्सेच जास्त साचतात. आमच्या मस्तगडच्या मंडळींचे तर इतके साचलेत, की मी मधूनमधून पदरचं घातलं तरी कुणाला पत्ता लागत नाही! रंगूभाऊच्या बाबतीत मात्र पदरचं घालावं लागत नाही. म्हणजे, फार नाही.

*

रंगूभाऊ आमच्यातला एकटाच गाणं रचणारा. नोकरी जिनिंगमध्ये, कापसाच्या गाठींवर नंबर रंगवायची. एकदा कडवं सुचलं, कागद नव्हता, म्हणून गाठीवरच लिहिलं. जेवून येतो तर गाठ स्टेशनात! हा पळत जाऊन वॅगनमध्ये चढला, आणि गाडी सुटली. बदनापूरहून पायी परत आला.

"कडवं सापडलं का?" मी विचारलं.

"जाताना एक होतं, येताना तीन झाले!"

*

निजामाचं राज्य जाऊन चार-सहा वर्षं झाली असतील. रंगूभाऊनं ठरवलं, आपली रेकॉर्ड काढायची. ना कुणाची चिठ्ठी, ना ओळख. त्याच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात "रंगनाथ म्हणे" यायचंच. सगळा खटाटोप त्या दोन शब्दांसाठी. आपल्याला कधी न पाहिलेल्या माणसानं आपलं नाव ऐकावं, एवढीच हौस!

मुंबईला आम्ही तिघं गेलो. पेटीवर मी, ढोलकीवर बाबूमियां. स्टुडिओतले साहेब म्हणाले, "गाणं तीन मिनिटांत बसवा."

रंगूभाऊ म्हणाला, "साहेब, तीन मिन्टं तर मला खाकरायला लागतेत!"

*

गाणं ऐन रंगात आलं आणि बाबूमियां शिंकले. जोरात! साहेब लालबुंद.

बाबूमियां शांतपणे म्हणाले, "छींका तो क्या हुआ? सम पे छींका ना!"

साहेबांनी पुन्हा ऐकलं. शिंक बिलकुल समेवर होती. तशीच ठेवली!

पण शेवटच्या कडव्याआधीच तीन मिनिटं संपली. नाव राहिलं ते राहिलंच. रेकॉर्डवर छापलं होतं म्हणा, पण इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

*

रेकॉर्ड आली. शेजारच्या कापडवाल्याच्या ग्रामोफोनवर वाजवली. वहिनींनी पदर सावरून नीट ऐकली आणि रंगूभाऊकडे वळल्या.

"अहो, एवढ्यात आवरता येतं, तर घरी काय होतं तुम्हाला?"

*

मग आम्ही गेलो कुंभार पिंपळगावच्या बाजाराला. एका दुकानदारानं ग्रामोफोन लावलेला, आणि वाजत होती आमचीच रेकॉर्ड! भोवती ही गर्दी. शिंक आली की सगळे एका सुरात "जियो!" रंगूभाऊला तिथं कुणी ओळखत नव्हतं.

गाणं संपलं, सुई उचलली. रंगूभाऊला राहवलं नाही. मागूनच त्यानं आवाज लावला:

"सरकी सोडून कापूस गेला, परत न्हाई आला,
रंगनाथ म्हणे, गाठीत बांधून जीव माझा नेला!"

सगळे वळून पाहायला लागले. मी पुढं होऊन सांगणार, तेवढ्यात फेटेवाला एक म्हातारा उठला. डोळे ओले, पण आवाज तापलेला.

"गळा चांगला हाय रे तुझा. पण दुसऱ्याच्या गाण्यात आपलं नाव घुसडून राह्यला, लाज न्हाई वाटत?"

रंगूभाऊनं माझा हात दाबला. मग त्या म्हाताऱ्याला हात जोडले.

"चुकलो, बाबा. तुम्ही ऐका. पुन्यांदा लावायला सांगतो."