दिवा नियमाप्रमाणे होता

आमच्या गोठलेल्या तळ्यावर शर्यतीत गाडी उतरवायची, तर आधी ऑर्वोक्की तीहोनेनच्या तावडीतून सुटावं लागायचं. वय अडुसष्ट, उंची बेताची आणि आवाज पलीकडच्या काठापर्यंत जाणारा. शहराच्या बसडेपोत चौतीस वर्षं विजेची कामं करून निवृत्त झालेली बाई. इंजिन, सीटचे पट्टे, टायरचे खिळे वगैरे बघायला क्लबात दुसरे लोक होते. मागचा दिवा मात्र बावीस हिवाळे तिनंच बघितला.

मागचा दिवा म्हणजे चैन नव्हे. खिळ्यांचे टायर बर्फ असा उधळतात की पुढची गाडी भरदुपारी नाहीशी होते. मागच्याला दिसतो तो फक्त तिच्या छपराखालचा लाल ठिपका. तो दिसला नाही, तर पुढे गाडी आहे हे आदळल्यावरच कळतं.

ऑर्वोक्कीची परीक्षा साधी होती. दिवा लावायचा, त्यावर फावडंभर बर्फ मारायचा आणि कॉफी प्यायला जायचं. कॉफी संपवून येईपर्यंत दिव्यानं आपल्या उबेनं बर्फ वितळवून तोंड बाहेर काढलेलं असलं, तर पास. नसलं, तर ती म्हणायची, "घरी जा, बायकोला लाकडं फोडून दे." मी तिथंच वाटाण्याचं सूप ढवळत असायचो. नापास झालेले सगळे माझ्याकडे येऊन तिच्या नावानं बोटं मोडायचे आणि पुढच्या रविवारी निमूट मोठा बल्ब लावून यायचे.

गेल्या शरद ऋतूत शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या राजधानीतल्या समितीनं नवा नियम काढला. जुने बल्ब बंद. यापुढे फक्त एलईडी, तेही काचेवर मंजुरीचा शिक्का असलेले. शिक्का आहे की नाही, एवढंच तपासायचं. एलईडी जास्त उजळ असतो हे खरंच आहे. पण तो तापत नाही. तापतो तो बर्फ चिकटायला पुरेल एवढाच, वितळायला नाही. आमच्याकडची शाळकरी पोरंही सायकलीच्या दिव्यावरून हे सांगतील. समितीत ते सांगणारं कुणी नव्हतं.

ऑर्वोक्कीनं तीन पत्रं लिहिली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिनं माझ्यासमोरच फोन लावला.

"दिव्यांची चाचणी कुठं घेतलीत?" तिनं विचारलं.

"आमच्या चाचणीगृहात," पलीकडचा माणूस म्हणाला.

"तिथं बर्फ असतो का?"

"बाई, चाचणीगृह घरात असतं. त्याला छप्पर असतं."

"मग शर्यतीही तिथंच घ्या ना! आम्ही कशाला तळ्यावर कुडकुडत मरतोय?"

त्यानं फोन ठेवला. ऑर्वोक्कीनं टेबलावर मूठ आपटली आणि माझा कप सांडला. सॉरी म्हटलं नाही. मीही तशी अपेक्षा धरली नाही.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी उणे अठरा होतं आणि रात्रभर पिठासारखा बर्फ पडला होता. टपालाची गाडी चालवणारा इल्पो आपली जुनी निळी गाडी घेऊन आला. मागे ट्रकचा थाळीएवढा बल्बचा दिवा. तो सात वर्षांपूर्वी ऑर्वोक्कीनंच त्याला बसवून दिला होता.

"काढ तो," ऑर्वोक्की म्हणाली.

इल्पोला वाटलं ती थट्टा करतेय. "अगं, तूच लावलास ना?"

"मीच सांगतेय काढ. शिक्क्याचा लाव."

"शिक्क्याचा आहे डिकीत. पण त्याला काय चाटायचंय? तूच म्हणतेस तो आंधळा आहे म्हणून!"

"म्हणते. तरी लाव."

कारण आमचा अध्यक्ष कालेर्वो सकाळीच तिला बजावून गेला होता. बिनशिक्क्याची एक जरी गाडी उतरली, तर विमा रद्द होणार, आणि विमा नाही तर शर्यतींची परवानगीही नाही. चाळीस वर्षांचा क्लब एका दिव्यापायी बंद पडला असता. कालेर्वो वाईट माणूस नाही. घाबरट आहे, एवढंच.

इल्पोनं दिवा बदलला. ऑर्वोक्कीनं नियमात नसतानाही त्यावर फावडं मारलं. कॉफी प्यायली. आणखी एक प्यायली. दिवा आत लख्ख जळत होता आणि बाहेर पांढरं ढेकूळ. ती तशीच तरातरा कालेर्वोकडे गेली.

"शर्यत रद्द कर. दिवे दिसणार नाहीत."

"कागदावर काय आहे?"

"कागदावर ठीक आहे."

"मग मी कुठल्या तोंडानं रद्द करू?" कालेर्वो म्हणाला. "बावीस गाड्या आल्यात, लोक आलेत. तू सही कर गं बाई."

तिनं सही केली. बावीस गाड्यांवर स्वतःच्या हातानं तपासणीत पास झाल्याचे स्टिकर लावले. सगळ्यात शेवटी इल्पोच्या गाडीवर. मी चूल सोडून जागचा हललो नाही, ब्रसुद्धा काढला नाही. याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या फेरीत वळणावर इल्पोची गाडी गरकन फिरली आणि बंद पडून तशीच उभी राहिली. बर्फाचा ढग होता. मागून येणाऱ्याला काही दिसलं नाही. आवाज माझ्यापर्यंत आला. इल्पोच्या कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं.

मंगळवारी समितीचा माणूस आला. दोन दिवस गाडी क्लबाच्या तापवलेल्या गॅरेजात होती, बर्फ केव्हाच वितळून गेला होता. त्यानं बटण दाबलं. इतकी चेपलेली गाडी, पण छपराखालचा दिवा असा लख्ख लागला की आम्ही डोळ्यांवर हात धरले.

"उत्तम चालतोय की," तो म्हणाला.

"बाहेर आण," ऑर्वोक्की म्हणाली. "पाच मिनिटं. बर्फ मारते, मग बघ."

"ते तपासणीच्या पद्धतीत नाही, बाई."

"अरे, तो माणूस दवाखान्यात पडलाय! पाच मिनिटं मागतेय मी तुझ्याकडे!"

तो ओशाळला, पण हलला नाही. अहवालात त्यानं लिहिलं: दिवा नियमाप्रमाणे, चालू स्थितीत, स्थानिक तपासनीसाची सही आहे. ऑर्वोक्कीनं तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं, फाडते की काय. तिनं नीट घडी घालून परत दिला.

त्याच संध्याकाळी मी तिला माझ्या गाडीतून दवाखान्यात नेलं. इल्पो पाठीवर सरळ पडून होता, फक्त डोळे हलत होते. टपालाची गाडी पुन्हा चालवता येईल का, हे डॉक्टर सांगत नव्हते. ऑर्वोक्कीनं वाटेत काय काय ठरवलं असेल कोण जाणे, पण खुर्चीवर बसल्यावर ती नुसती त्याचं पांघरूण सारखं करत राहिली.

"समितीचा माणूस काय म्हणाला?" इल्पोनंच विचारलं.

"दिवा ठीक होता म्हणाला."

इल्पो रागावलेला दिसत नव्हता, आम्हाला त्याचाच जास्त त्रास होत होता.

"कालेर्वोनं सांगितलं असतं ना, तर मी जुना काढला नसता," तो म्हणाला. "समितीच्या बापानं सांगितलं असतं तरी नसता काढला. तू सांगितलंस म्हणून काढला."

"माहीत आहे मला," ऑर्वोक्की म्हणाली.