उभ्या गाडीची टेस्ट राईड

नावाजलेली माणसं लांबूनच बघावीत. पण मी पडलो नाशिकचा, चेन्नईत गाड्यांच्या कंपनीत नोकरीला, आणि तो नावाजलेला बाईक-रायडर पुण्याचा. फोनवर मराठीत "येतो की रे मित्रा" म्हणाला आणि मी एवढा हुरळलो की आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ज्या बाईकची टेस्ट राईड घ्यायला तो येणार होता, ती माझी नव्हती. चेन्नईतच गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक छोटं वर्कशॉप आहे, त्याचे मालक मूळ तंजावरकडचे मराठी. सगळी गिंडी त्यांना 'रायर' म्हणते, मी काका म्हणतो. त्यांच्या मराठीत 'होतं'चं 'हुतं' होतं आणि मधूनमधून तमिळ येतं; मला ते 'तंबी' म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. सत्तरी उलटलेली, एक गुडघा कामातून गेलेला. या माणसाने चार वर्षं खपून एक टू-स्ट्रोक डर्ट बाईक बनवली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी, धूर ओकणारी, फक्त मातीत आणि खड्ड्यांत उडवायची. आजच्या काळात अशी गाडी घेणारे वेडे बोटांवर मोजण्याइतके. काका त्या वेड्यांसाठीच दहा गाड्या बांधणार होते.

पण घोडं एका ठिकाणी अडलं होतं. थ्रॉटल अर्ध्यावर आला की इंजिन क्षणभर अडखळायचं. ते गेल्याशिवाय एकही गाडी विकायची नाही, असा काकांचा हट्ट. गुडघ्यामुळे त्यांना स्वतःला चालवता येत नव्हती. म्हणून दर रविवारी मी चालवायचो आणि येऊन सांगायचो, "झकास, काका!" अडखळायची, तरी सांगायचो. नाहीतर ते तिथल्या तिथे कार्बोरेटर खोलून बसणार आणि माझा रविवार बोंबलणार. शिवाय गाडी अजून अडखळते म्हटल्यावर त्यांचं तोंड जे उतरायचं, ते मला बघवत नव्हतं. असे आठ महिने गेले. मग एक दिवस तेच म्हणाले, "तंबी, कोणी नावाजलेला रायडर मिळतो का पाहा."

शुक्रवार ठरला. सकाळी नऊ वाजता, चेन्नईबाहेर आवडी नावाच्या गावापुढे एका ओळखीच्या माणसाच्या मोकळ्या जागेवर. आम्ही छोट्या टेम्पोतून गाडी नेली. काकांनी पेट्रोल-ऑइल स्वतः मापून मिसळलं, टाकी भरली आणि ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिले. नऊचे दहा झाले. महाराज उगवले पावणेअकराला, सोबत एक कॅमेरावाला. "सॉरी हां, ट्रॅफिक फार आहे तुमच्या चेन्नईत." जणू ट्रॅफिक आम्ही घरून आणून रस्त्यात सोडलं होतं. कोरंकरकरीत जॅकेट, कोरे बूट, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता याच्या पायांची धूळ आम्ही डबीत भरून ठेवणार.

मी गाडीला किक मारायला गेलो, तर काका खुर्चीतून म्हणाले, "आता नको. राहुकाळ लागला. बारानंतर."

शुक्रवारचा राहुकाळ साडेदहा ते बारा. इथे प्रत्येक घरातल्या कॅलेंडरवर तो छापलेला असतो, आणि दिवस ठरवताना मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. सिलिंडर केसाएवढा इकडचा तिकडे होऊ न देणारा हा माणूस, आणि राहू कुठे बसलाय ते बघून किक मारणार! हातापाया पडलो. "चार वर्षं थांबलोच नव्हं," एवढंच म्हणाले आणि रुमालाने वारा घेत बसले.

रायडर फिदीफिदी हसला. "सव्वा तास? अहो काका, दुपारचं विमान आहे माझं." मला वाटलं, आता हा निघून जाणार. गेला असता तर निदान माणूस म्हटलं असतं. तो कॅमेरावाल्याला म्हणाला, "उभ्या गाडीवरच उरकू. आवाज नंतर टाक."

आणि उरकलं की हो! हेल्मेट काखेत मारून तो सीटवर बसला आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागला. काय ती ताकद, काय तो पिकअप, मातीत कशी चिकटून चालते! इंजिन थंडगार. त्याने किक दुमडलेली सरळसुद्धा केली नव्हती. दर टेकला नवं विशेषण. मध्येच कॅमेरावाला मला म्हणाला, "बूट फार स्वच्छ दिसतायत." तर मी, इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला गाढव, बाटलीतल्या पाण्यात माती कालवून त्या हिरोच्या बुटांना चिखल फासत बसलो. चाकांनाही फासला. आठ महिने दर रविवारी ज्या गाडीने मला खराखुरा चिखल खायला घातला, तिला मी बाटलीतला चिखल लावला.

काका हे सगळं बघत होते. शूटिंग संपल्यावर उठले, गुडघा सांभाळत त्याच्यापाशी गेले आणि विचारलं, "अर्ध्या थ्रॉटलला अडखळते का?"

मला वाटलं, आता तरी लाजेल. छे! त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, लोण्यासारखी चालते! नाद नाही करायचा."

"सरि," काका म्हणाले. म्हणजे, बरं.

त्या दोघांची गाडी नजरेआड झाली तसा माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. खोटारडा, नाटक्या, चमकोगिरी करणारा बाजारबुणगा! न चालवता सर्टिफिकेट देतो? डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलतो, एवढ्या वयाच्या माणसाशी? लाज कशी वाटत नाही? चांगली पाच मिनिटं मी बडबडत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

काकांनी चाकावरचा ओला चिखल रुमालाने पुसायला घेतला.

"तो न चालवता बोलला," ते म्हणाले. "तू चालवून बोलतोस. मला पाय नाहीत, तंबी, कान आहेत. दर रविवारी तिचं अडखळणं ऐकत हुतो मी."

ते पुसत राहिले.

"म्हणून तर त्याला बोलवायला सांगितलं हुतं."