पायाळूचा गुडघा

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढून आलेला. अशा माणसाने उसण भरलेल्या कमरेवरून पाय फिरवला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. त्या माणसाला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. नांदेडच्या आमच्या गल्लीत रविवारी आणि बुधवारी सकाळी चहाच्या आधीच कुणीतरी दारात वाकडं होऊन उभं असायचं. मी डोळे चोळत त्याच्या कमरेवरून सात वेळा उजवा पाय फिरवायचो. आमच्या मुख्याध्यापकांच्या पाठीला मी लाथ लावली आहे आणि वर त्यांनी मला 'शाब्बास' म्हटलं आहे. हे भाग्य फार थोड्या विद्यार्थ्यांना लाभतं.

त्याच पायाने मी फुटबॉल खेळायचो. चांगला खेळायचो. जे हातचं गेलं त्याच्याबद्दल विनय कशाला दाखवायचा? डावीकडून आत घुसून उजव्या पायाने मारलेला माझा चेंडू गोलकीपरला दिसायचा, पण सापडायचा नाही. आम्हाला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या खेळाडूला सगळे उस्ताद म्हणायचे. ते मान हलवत म्हणायचे, "तेरे पाँव में कुछ तो है रे." काय आहे ते गल्लीने केव्हाच ठरवून टाकलं होतं: पायाळूचा पाय, दुसरं काय! मी रोज पहाटे दोन तास पळतो, हे कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. आईच्याही नव्हतं. तिला फक्त विजेची भीती, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. आभाळ गडगडलं की ती थेट मैदानात शिरायची आणि मला दंडाला धरून घरी न्यायची. समोरचा संघ पोट धरून हसायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बारावीच्या वर्षी पुण्याला राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. उस्तादांना माझ्याबद्दल शंकाच नव्हती. चाचणीला चाळीस दिवस उरले असताना लातूरला एक सामना झाला. मी चेंडू घेऊन वळलो, बूट मातीत रुतला, अंग फिरलं आणि गुडघा तिथेच राहिला. कुणी मला हातसुद्धा लावला नव्हता. आत काडी मोडल्यासारखा आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद मला तिथल्याच एका हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. आत मी एकटाच होतो. उस्ताद बाहेर फोनवर माझ्या घरच्यांशी बोलत होते. डॉक्टरांनी माझी पिंढरी धरून पुढे ओढून पाहिली, पुन्हा ओढली आणि म्हणाले, "आतली दोरी तुटलेली दिसते. एमआरआय करून घे. ऑपरेशन लागेल, मग आठ-नऊ महिने खेळ बंद. तसाच खेळलास तर दोन हाडांमधली गादीसुद्धा जाईल." हेच त्यांनी कागदावर इंग्रजीत लिहून दिलं.

मी लंगडत बाहेर आलो आणि उस्तादांना म्हणालो, "मुरगळलंय म्हणे. तीन आठवडे आराम." लातूरच्या बसस्टँडवर मुतारीत जाऊन मी तो कागद फाडला. चाळीस दिवसांत नऊ महिने बसत नाहीत, एवढं गणित मला येत होतं.

घरीही तेच सांगितलं. वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. ते म्हणाले, "मोठ्या डॉक्टरला दाखवू, फोटो काढू." आई म्हणाली, "मुरगळलेल्या पायाला फोटू कशाला?" पायाळूला स्वतःचा पाय लागू पडत नाही, दुसरा पायाळू लागतो. चाकूरला मावशीच्या शेजारी एक म्हातारी पायाळू होती. मला तिच्याकडे न्यायचं आईने ठरवलं.

वडील भडकले. "गाडीचा पाटा तुटला तर मी काय त्याच्यावर पाय फिरवून राहिलो का?"

तेव्हा मी आईची बाजू घेतली. "जाऊन येऊ की एकदा," असं म्हणालो. श्रद्धा वगैरे काही नव्हती. मोठ्या डॉक्टरकडे गेलो असतो तर माझं बिंग फुटलं असतं, म्हणून मला चाकूर बरं वाटलं. एवढीच त्यातली खरी गोष्ट.

म्हातारी अंगाने काटकुळी, टाच खरखरीत. तिने गुडघ्यावरून सात वेळा पाय फिरवला आणि म्हणाली, "सूज उतरंल लेकरा. बाकीचं मला न्हाई सांगता येत." म्हातारी माझ्यापेक्षा प्रामाणिक होती. सूज उतरली. ती तशीही उतरणारच होती. पाचव्या आठवड्यात मी पळायला लागलो. आईने गल्लीभर पेढे वाटले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, मलाही ते हळूहळू खरं वाटू लागलं.

चाचणीत मी वीस मिनिटं खेळलो. चांगला खेळलो. एकविसाव्या मिनिटाला गुडघा सरकला आणि गादी गेली. मग ऑपरेशन. वर्षाने कॉलेजकडून पुन्हा उभा राहिलो, अर्धा हंगाम निभावला, पुन्हा पडलो. दुसरं ऑपरेशन झालं. बाविसाव्या वर्षी माझा खेळ आटोपला. आता मी भोकरच्या एका शाळेत खेळाचा मास्तर आहे. पोरांना शिट्टी वाजवून शिकवतो, पायाने दाखवता येत नाही.

घरात याचा निकाल लागून गेला होता. "लेकराचा पाय तू घालवला," असं वडील आईला म्हणायचे. मी जिना चढताना कठड्याला धरलं की म्हणायचे, पावसाळ्यात गुडघा धरला की म्हणायचे, पाहुण्यांपुढे म्हणायचे. आई मान खाली घालून भाकरी थापत राहायची. तिने एकदाही उलट उत्तर दिलं नाही, कारण तिलाही ते पटलं होतं. आणि मी तिथेच ताटावर बसलेला असायचो. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं गेली. तीन वर्षांपूर्वी वडीलही गेले.

यंदा हिवाळ्यात गुडघा फारच ठणकायला लागला, तेव्हा लातूरला एका डॉक्टरकडे गेलो. आई हट्टाने सोबत आली. त्यांनी जुने फोटो पाहून विचारलं, "पहिल्या वेळीच इलाज का नाही केला?"

मी तोंड उघडायच्या आत आईने हात जोडले. "माझी चूक हाय सायेब. मी अडाणी. मीच त्याला चाकूरला नेलं."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी फोटो पाकिटात घालत राहिलो.

परतीच्या बसमध्ये मात्र मला राहवेना. मी तिला सगळं सांगितलं: डॉक्टर काय म्हणाले होते, कागद कुठे फाडला, चाकूरला का गेलो. ती खिडकीबाहेर बघत होती. ती रडेल, मग 'जाऊ दे' म्हणेल, असं मला वाटत होतं. आया 'जाऊ दे' म्हणतात, या भरवशावरच तर मी सांगायचं धाडस केलं होतं.

"तुझा बाप शेवटी बी मला तेच बोलला," ती म्हणाली. "तू उशाला बसला व्हता."

"हाव."

"मला म्हनला, माझ्यापुढं येऊ नको. भिंतीकडं तोंड करून गेला त्यो." मग ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "तवा एक शब्द बोलला असता, तर माझ्याकडं बघून गेला असता की रं."

आई उठली, पिशवी घेतली, आणि हलत्या बसमध्ये दांड्याला धरत धरत पुढे जाऊन एका अनोळखी बाईशेजारी बसली.