बादलीतला सेन्सर

सांडपाण्याच्या नाल्यात मी बसवलेला सेन्सर आज कारखान्याच्या निळ्या बादलीत, नळाच्या स्वच्छ पाण्यात बुडवलेला दिसला. त्याचे प्रदूषणाचे आकडे थेट सरकारी कार्यालयात जातात. पडद्यावर ते अगदी सोज्वळ दिसत होते.

"बघा शेठ, तुमचं मशीन कसं सुधारलं!" मॅनेजर हसला.

याच माणसाने मागच्या खेपेला आकडे चढे आले म्हणून चारचौघांत माझ्या मशीनला भंगार म्हटलं होतं. तेव्हा मी गुडघे टेकून सेन्सरचं काचेचं टोक मऊ ब्रशने धुतलं, प्रमाणित द्रावणात बुडवून तपासलं. मशीन खरं तेच बोलत होतं. घाण पाण्यातच होती.

मी मशीन विकणारा माणूस; दरासाठी कुणाशीही भांडेन, माझा धंदा त्यावरच उभा राहिलाय. पण पाण्याच्या आकड्यात कसली घासाघीस? खरं बोलणाऱ्याचं तोंड ही माणसं दाबत नाहीत. त्याला सोयीच्या पाण्यात बसवतात आणि वर शहाणा म्हणतात.

"देखभालीचा करार पुढे चालवायचाय ना?" त्याने हळूच विचारलं. म्हणजे दुसरी बादली माझ्यासाठी होती.

मी सेन्सर उचलून नाल्यात सोडला. आकडे चढत गेले, लाल दिवा लागला. मॅनेजरने नाल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, जणू पाणी मीच नासवलं होतं.