उजवा म्हणजे थांबव

कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या शेडमध्ये कानांचा काही उपयोग नसतो. यंत्रं घरघरायला लागली की शेजारचा माणूस बोंबलला तरी पत्ता लागत नाही. म्हणून तिथं हातांनी बोलायचं. उजवा पंजा वर म्हणजे थांबव, डावा वर म्हणजे चालू दे. युसूफवडगाव या गावच्या बंकटनं हे पहिल्याच हंगामात शिकून घेतलं होतं. पण त्याचा उजवा हात रोलरमध्ये गेला तेव्हा वर करायला डावाच उरला. तो त्यानं जिवाच्या आकांतानं हलवला. बटणापाशी बसलेल्या रामप्रसादनं तो पाहिला आणि यंत्र चालू ठेवलं.

हात कोपरापासून गेला. तरी बंकटपुरता तो होताच. त्याची बोटं वळायची, तळव्याला खाज सुटायची, आणि खाजवायला जावं तर रिकामी बाही हाती यायची. घरात बसून त्याला वेड लागायची पाळी आली.

पट्ट्यावर कापूस टाकणाऱ्या भामाबाईनं मग मालकाचं, भगवानरावांचं, डोकं खायला घेतलं. "पोराला नजर ठेवायला घ्या की. पट्ट्यापाशी उभं राहायचं, काई अडकलं की खूण करायची."

भगवानराव मनानं वाईट नव्हते, जिभेनं होते. "त्याच्याजवळ 'चालू दे'च राहिलंय, बाई. 'थांबव' कुठून आणू?"

हे ऐकून कुणी हसलं नाही. "डाव्या हातात लाल फडकं द्या," भामाबाई म्हणाली. "फडकं वर झालं की बंद करायचं." भगवानराव कबूल झाले, पण एक जरी चूक झाली तरी घरी बसवीन, असं बजावून.

बंकट कामावर आला खरा. पण यंत्र सुरू झालं की तो पट्ट्यापासून एक पाऊल मागं सरायचा. रामप्रसाद दिवसभर त्याच्यावर डोळे लावून बसायचा, आणि डबा खायला मात्र लांब जायचा.

एका दुपारी भामाबाईचा पदर पट्ट्यात गेला. ती रोलरकडं ओढली जाऊ लागली. बंकटला ब्रह्मांड आठवलं. त्यानं हात वर केला, पाचही बोटं ताणली, आणि यंत्र बंद पडलं. भामाबाई फाटका पदर घेऊन मटकन खाली बसली आणि यंत्राला शिव्या देऊ लागली.

बंकटनं खाली पाहिलं. लाल फडकं डाव्या मुठीत, मांडीशी तसंच होतं. वर होती ती रिकामी बाही.

भगवानराव धावत आले. भामाबाई धड आहे हे त्यांनी बघून घेतलं. "उद्या वेळेवर ये," बंकटला एवढंच म्हणून ते गेले.

बंकट रामप्रसादजवळ गेला. "फडकं तर मी उचललंच न्हाई. काय बघून बंद केलंस बे?"

"हात वर केलतास की."

"कोणता?"

रामप्रसाद त्या बाहीकडं बघत राहिला.

"उजवा," तो म्हणाला. "मला तर तो रोजच दिसतो बे."