आता बघा

हुलसूरला आमच्या शेजारी एक अण्णा राहतात. पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतात, पण गल्लीला धाक आहे तो त्यांच्या जास्वंदीच्या चहाचा. कुंपणावरची लाल फुलं तोडून ते चहा उकळतात, उरलेल्यांचं साखर घालून सरबत करतात. चहा दिसतो जांभळट, शाईचं पेन धुतलेल्या पाण्यासारखा. तो तसा ते कुणालाही पिऊ द्यायचे नाहीत.

"थांबा जरा. आता बघा."

मग लिंबू पिळायचे. चहा एकदम लालभडक व्हायचा. अण्णा मात्र चहाकडे बघायचेच नाहीत, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. मी पहिल्यांदा चकित झाले, दुसऱ्यांदा हसले, पुढं मोबाइल बघायला लागले. माझे सासरे, अप्पा, रोज तेवढेच चकित व्हायचे.

"कामून बदलायलाय ओ रंग?"

"बदलायलाय बघा."

अण्णांकडं एवढंच उत्तर होतं आणि अप्पांना ते पुरायचं. चव दोघांनाही आवडत नसावी. पेले रिकामे झाले की दोघं मिळून कोपऱ्यावरच्या टपरीवर जायचे, दुधाचा चहा प्यायला.

अप्पा गेले त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. शेजाऱ्यांकडून पिठलं-भाकरी आली. अण्णा किटली घेऊन आले आणि खाली मान घालून सगळ्यांच्या पेल्यांत ओतत गेले. चहा आधीच लाल होता.

मी त्यांच्याकडं बघितलं.

"लिंबू घरीच पिळून आणलं, अक्का," ते म्हणाले.