आमच्या म्हशीचं कुटार

जन्म शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे आधी शब्दाचा अर्थ सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सोयाबीन मळणीयंत्रात घातलं की एकीकडे दाणे पडतात आणि दुसरीकडे भुसकट उडतं. त्या भुसकटाला आम्ही कुटार म्हणतो. ते जनावरांनी खायचं असतं. निदान गेल्या दिवाळीपर्यंत माझी तशी समजूत होती.

मेहकरहून हिवरा आश्रमाकडे जाताना आमचं गाव लागतं. नोकरी संपल्यावर मी एक म्हैस घेतली. मुलगा म्हणाला, आई, आता आराम कर. पण आराम करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नाही. आम्हाला शेती नाही. चारा येतो तो दादांच्या वावरातून. दादा माझे नात्याने कुणी नाहीत, गावातले जुने शेतकरी. त्यांची मळणी उरकली की पोती उसवून शिवलेलं माझं चवाळं काखोटीला मारायचं आणि खळ्यावर जायचं. "दादा, कुटार नेते," मी म्हणायचं. "न्या ना बाई, इचारता काय," त्यांनी म्हणायचं. पैशाचं नाव निघत नाही. म्हैस व्याली की पहिला चीक त्यांच्या घरी जातो, एवढंच.

हे 'एवढंच' मी सहज म्हणते, पण ते सहज नाही. माझ्या सासूबाई त्याच घराच्या ओट्याखाली उभ्या राहून ताक घ्यायच्या, वरून ओतलेलं. आज त्याच घरच्या चुलीवर आमच्या म्हशीचा चीक शिजतो आणि वहिनी, दादांच्या पत्नी, मला आत, चुलीपाशी बसवतात. मला त्याचा अभिमान वाटतो. चिकाचं भांडं घेऊन मी मुद्दाम भर गल्लीतून जाते.

तर मुलगा. तो पुण्याकडच्या कारखान्यात होता. तिथलं काम सुटलं आणि तो परत आला. काही महिने घरात पंख्याकडे बघत पडून असायचा. मग आमच्याच रस्त्यावर पेलेटचा कारखाना निघाला. कुटार, तुरीच्या काड्या, लाकडाचा भुसा, जे मिळेल ते दळायचं आणि दाबून बोटाच्या पेराएवढ्या कांड्या पाडायच्या. त्या कांड्या म्हणजे जळण. गावोगाव फिरून माल गोळा करायची नोकरी त्याला मिळाली. तो पुन्हा दाढी करायला लागला. मला दुसरं काही नको होतं.

जेवताना तो देशाचा बाजार समजावून सांगायचा.

"जिथं कोळशावर वीज बनते ना आई, तिथं कोळशात हे मिसळायचा नियम हाय आता. मंग कारखान्यायचे बॉयलर. देशभर मागणी वाढून राह्यली."

"अन् नियम बदलला तं?"

"नाही बदलत."

"पावसाळ्यात कुटार भिजते. तवा काय जाळसान?"

"शेड बांधून राह्यले."

"सगळेच मांगाले लागले तं कुटाराचा भाव वाढन. मंग तुमचं जळण कोळशाहून महाग नाही पडणार?"

"आई, तू काऊन परीक्षा घेऊन राह्यली?"

मी परीक्षा घेत नव्हते. मला खरंच कळत नव्हतं. त्याचं बोलणं पटायचंही. शेतात उगाच पेटवून देण्यापेक्षा कामी आलेलं काय वाईट? पण सगळा देश जर भुसकटावर चालणार असेल, तर भुसकटावर जगणाऱ्यांनी काय खायचं, हा प्रश्न जिभेवर यायचा आणि मी तो पोळीबरोबर गिळायचे. पोरगा नुकता हसायला लागला होता.

गेल्या हंगामात माझा गुडघा धरला. दादांची मळणी झाल्याचं कळलं, पण जायला उशीर झाला. शेवटी चवाळं घेऊन लंगडत पोचले, तर खळं झाडून लख्ख. काडी नाही.

दादा बाजेवर बसले होते. माझ्या हातातलं चवाळं पाहून हसायला लागले. "बाई, आता हे कायले आणलं? तुमचा पोरगा घेऊन गेला ना सारं! दोन ट्रॉल्या भरल्या त्यानं."

"हो का," मी म्हटलं.

"भावाचं बोलू लागला. मी म्हटलं, चूप. तुमच्या घरून पैशे घेऊ काय? कुटार तं तुमचंच हाय."

मी चवाळ्याची घडी घातली, उगाच पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. दादांना वाटलं होतं, बाईचा गुडघा दुखतो म्हणून पोरगा आला. म्हणजे माझ्या म्हशीचं वर्षाचं खाणं त्यांनी प्रेमानं, फुकट, कारखान्याला देऊन टाकलं होतं. त्यांना सांगावं तर ते पोराला चोर समजतील. न सांगावं तर म्हैस उपाशी. मी "येते दादा" म्हणाले आणि चालू लागले. गुडघा दुखतोय हेसुद्धा विसरले.

घरी आल्यावर पोराला असं झापलं की दारातलं कुत्रं उठून गेलं. तो आधी गांगरला. मग त्याचा चेहरा उतरला. "मले वाटलं तुयं कुटार त्यायनं बाजूले ठेवलं असन. पैशे काऊन नाही घेत, मलेबी समजत नव्हतं. साहेब तं खूश झाले, म्हणे असाच माल आणत जा."

"जाय अन् वापस आण."

"त्याच्या कांड्या झाल्या, आई."

दुसऱ्या दिवशी त्यानं एक पोतं आणून ओट्यावर टाकलं. ते चुलीत घालून बघ म्हणाला. मी पोतं उघडलं. कांड्या हुबेहूब जनावरांना घालतात त्या ढेपेच्या गोळीपेंडीसारख्या दिसत होत्या. माझं डोकं फिरलेलंच होतं. घमेलंभर कांड्या पाण्यात टाकल्या. बघता बघता त्या फुगल्या, फुटल्या, आणि घमेल्यात पुन्हा भुसकट झालं. मला इतका आनंद झाला! म्हटलं, आलं परत. घमेलं म्हशीपुढे नेऊन ठेवलं.

"आई, जळण हाय थे!" पोरगा ओरडत धावला.

म्हशीनं वास घेतला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फुर्रकन नाकातून वारा सोडून तिनं तोंड फिरवलं. लाकडाचा भुसा मिसळलेला होता त्यात. आम्ही दोघं घमेल्याशेजारी उभे राहिलो. मग मला रडू आलं. पोरानं घमेलं उकिरड्यावर नेऊन पालथं केलं.

पुढच्या पगारात त्यानं बीबी गावाकडून ज्वारीचा कडबा आणला. टेम्पोतून एकेक पेंढी स्वतः उतरवली. कारखान्याचं काम करून आलेला माणूस घरी चारा रचत होता. मला त्याची कीव यावी की राग यावा, ठरेना. पण म्हैस पोटभर जेवली आणि पौषात व्याली.

चीक काढला आणि भांडं हातात घेऊन मी दारातच थांबले. हा कुटाराचा चीक नव्हता, कडब्याचा होता. तो त्या घरी कोणत्या नात्यानं न्यायचा? तरी गेले. त्या दिवशी मात्र मागच्या बोळातून गेले.

वहिनींनी गूळ घालून चीक चुलीवर ठेवला आणि मला नेहमीसारखं शेजारी बसवलं. दादांनी पहिली वाटी तिथेच संपवली. "असा दाट नाही पाह्यला," ते म्हणाले. "आपल्या कुटाराचा गुण हाय, बाई. औंदा पुरलं ना?"

"हाव, पुरलं."

"मंग पुढच्या सालीबी पोरालेच पाठवा. तुमचा गुडघा असा."

बाजार वाढणार की बुडणार, मला अजून सांगता येत नाही. पोराची नोकरी राहावी असं वाटतं, आणि तेवढंच दादांचं खळंही राहावं असं वाटतं. ही दोन्ही वाटणं एका घरात कशी नांदवायची, ते मला कुणी शिकवलेलं नाही. पण वाटीचा तळ चाटताना एवढं उत्तर मात्र चटकन तोंडातून आलं.

"नाही दादा," मी म्हटलं, "कुटाराले मीच येईन. लंगडत येईन, पण मीच येईन."